झाकणकाकू

झाकणकाकू कुणाच्याही घरी गेली की आधी चुलीजवळ जायची आणि भांड्यावरचं झाकण उचलून आत पाहायची. तिला 'बसा' म्हणायची वेळच येत नसे. पाहून झालं की मतही द्यायची, "हे वरण हाय का आंघोळीचं पाणी वं?" मग पदराला हात पुसून पुढच्या घरी. हिंगणीजवळच्या आमच्या गावात इतकी रीतभात पाळणारी बाई दुसरी नव्हती.

गावाची गरिबी घालवायला मध्यंतरी साहेब लोकही आले होते. त्यांनी देवळापुढे बोर्ड लावला. बोर्ड मजबूत आहे, बकऱ्या त्याला अंग घासतात. काकूजवळ बोर्ड नव्हता, फक्त तोंड होतं, आणि ते बंद कसं करायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. रिकामा बसलेला माणूस दिसला की ती सगळ्यांदेखत विचारायची, "खाट झिजून राह्यली न बापू! अल्लीपूरले माह्या भाच्याले गडी पायजे. जातं का?" अपमान झालेला माणूस दुसऱ्या दिवशी रागारागाने कामाला जायचा. अशी तिची समाजसेवा.

एका श्रावणात माझे मालक बैलगाडीवरून पडले, पाय मोडला. वावरात कपाशीची पऱ्हाटी होती, गवत तिच्या वर गेलं. मी एकटी निंदून निंदून किती निंदणार? आणखी थोडे दिवस गेले असते तर कपाशी गवताखाली मेली असती आणि वर्षभर खायचं काय, हा प्रश्न होता. आमच्याकडे इर्जिकीची रीत आहे. अडलेल्याच्या वावरात सगळे एक दिवस फुकट राबतात आणि वावरवाला सगळ्यांना जेवू घालतो. माझ्या घरात जेवू घालायला दाणा नव्हता, म्हणून इर्जिक बोलावता येत नव्हती. तसंही चार बायांत तोंड उघडणं माझ्याने होत नाही.

त्यातच काकू आली. झाकण उचललं. आत नुसता उकडलेला, रानातल्या तरोट्याचा पाला. त्या दिवशी मत न देताच ती पदराला हात पुसून पुढच्या घरी गेली. मला वाटलं, सुटले. किती ते माझं शहाणपण!

सकाळी हातपंपावर सुरू झाली, "अवं बायांनो, हिच्या घरी पाला शिजून राह्यला, अन् वावरात हिच्याहून उंच गवत! तुम्ही डोयाले पट्टी बांधली काय?"

मी पाण्याचा गुंड तिथेच टाकून घरी पळाले. त्या बाईचं तोंड पाहायचं नाही असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ती बायांची रांग घेऊन माझ्या वावरात हजर. मी पुटपुटले, "काकू, जेवणाचं..."

"तुह्या हातचं खाऊन मराचं नाई आमाले," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तुह्या घरचं पायलं म्या. जिची तिनं भाकर आणली."

एक म्हातारी कुरकुरली, "वावरवालीनं जेवू घालाचा नेम हाय."

"नेमाले म्हणा, खुरपी घेऊन येजो!"

बाया खो खो हसल्या. संध्याकाळपर्यंत पऱ्हाटी उघडी झाली. त्या साली आम्ही घरचं खाल्लं. तरी मी काकूशी कितीतरी महिने बोलले नाही. तिला ते कळलंही नसावं, ती रोज यायचीच.

पुढे मुलाने तिला पुलगावला नेलं. तिथे शेजारची दारं सदा बंद. "मेले का जिते, समजतच नाई वं," असं ती फोनवर म्हणाली. वर्षाच्या आतच ती गेली.

यंदा शेजारच्या सुनेला बाळंतपण जड गेलं. तिचं वावर गवताने भरलं. येता-जाता सगळ्यांना दिसत होतं, पण दुसऱ्याच्या घरात नाक कशाला खुपसायचं, असा समजूतदारपणा गावात आता आला आहे. भजनाला बाया जमल्या तेव्हा मी उभी राहिले.

"तिच्या वावरात गवत माजून राह्यलं," मी म्हणाले. "उद्या भाकर बांधून येजा."

सून माझ्या दारात येऊन मला बोलली, "तुमाले कोनं सांगतलं होतं चारचौघींत माही अब्रू काढाले?"

वावर निंदून झालं. ती अजून माझ्याशी बोलत नाही. पऱ्हाटी फुलावर आली आहे.