नऊबोटे, माणसे अकरा

ताईचे आडनाव पहिल्यांदा ऐकणारा माणूस तिच्या तोंडाकडे पाहायचे सोडून हातांकडे पाहतो. नऊबोटे. बँकेत, दवाखान्यात, शाळेच्या कचेरीत, कुठेही जा, हेच. ताई आता सरावली आहे. ती दोन्ही हात पुढे करते, बोटे फाकवते आणि म्हणते, "मोजा सावकाश. मला घाई नाही." समोरचा ओशाळतो, पण मोजतो. मोजल्याशिवाय गप्प बसलेला माणूस तिला अजून भेटायचा आहे. बोटे दहाच्या दहा भरतात, आणि मग समोरचा उगाचच थोडा नाराज होतो.

लग्न झाले तेव्हा सासरचे साधेसुधे, दर गल्लीत दोन घरी सापडेल असे आडनाव तिला आयते मिळत होते. तिने घेतले नाही. नवरा बसचालक, फारसा बोलणारा नाही. तो एवढेच म्हणाला की तुझे नाव तुझ्यापाशी ठेव, मला हाक मारताना ते लागत नाही. ताईला हा माणूस तिथेच पसंत पडला.

तिचे काम छापखान्याच्या मागच्या बाजूला, बांधणीच्या खोलीत. खोली लांबट, खिडक्या उंच, भिंतीला लागून कागदाच्या गड्ड्या, टेबलावर खळीचे डबे आणि मध्यभागी कटिंग मशीन. जुने, लोखंडी, दोन्ही हातांनी दांडा ओढायचे. दांडा ओढला की हातभर लांबीचे पाते खाली येते आणि पाचशे कागद एका दमात कापून जाते. कागद आणि बोट यांतला फरक पात्याला कळत नाही.

या मशीनवर ती बसली तीसुद्धा भांडून. मालक तेव्हा तरुण होता आणि नाकाने कांदे सोलायची त्याला फार हौस. नऊबोटे आडनावाची बाई कटिंग मशीनवर बसवली तर लोक आपल्याला हसतील, म्हणाला. ताई त्या दिवशी परत गेली. दुसऱ्या दिवशी येऊन खळीच्या डब्याशेजारच्या स्टुलावर बसली. तिसऱ्या दिवशीही बसली. चौथ्या दिवशी जुन्या वस्तादानेच मालकाला सांगितले की हिला घ्या, नाहीतर ते स्टूल तरी हिच्या नावावर करून द्या. वस्तादाची स्वतःची बोटे आठ होती.

त्याने तिला पहिल्याच दिवशी नियम शिकवला. दांडा ओढण्याआधी बोटांकडे बघायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "दहा." नुसते आपण नाही, मशीनच्या हाताभरात जो कोणी उभा असेल त्यानेही आपली बोटे बघून "दहा" म्हणायचे. तो म्हणेपर्यंत पाते खाली येणार नाही, मग तो मालक का असेना. वस्ताद स्वतः "आठ" म्हणायचा आणि कोणी हसले की त्याला खोलीबाहेर काढायचा. तो गेला, नियम राहिला. एकोणतीस वर्षांत त्या खोलीत कुणाचे नखसुद्धा गेलेले नाही. हा नियम ताईने डोळ्यांत तेल घालून सांभाळला, आणि तिला त्याचा अभिमान आहे. असायलाच हवा.

आता खरी गोष्ट. गावातल्या एका निवृत्त शिक्षकाने आडनावांचे पुस्तक लिहिले. सर माणूस भला, बारा वर्षे दारोदार हिंडून त्यांनी माहिती जमवली होती. पुस्तक याच छापखान्यात आले. छापलेले ताव दुमडण्याआधी मधोमध कापायचे होते. ताईने गड्डी मशीनवर घेतली, कडा ठोकून सारख्या केल्या, दाब आवळला, "दहा" म्हटले आणि दांड्याला हात घालता घालता वरच्या तावावर तिला स्वतःचे आडनाव दिसले.

'नऊबोटे : अतिदुर्मिळ. घराणे एक, आजची माणसे अकरा. मूळ पुरुषाचे बोट चोरीच्या शिक्षेत छाटले गेले, त्यावरून.'

तिने दांडा सोडला. अंगाचा तिळपापड झाला तो 'चोरी' या शब्दाने नव्हे. दहा पिढ्यांमागे कुणाच्या घरात काय नव्हते, हे कोण छातीठोकपणे सांगेल? पण त्याच पानावर वरच्या आडनावापुढे 'कदाचित' होते आणि खालच्यापुढे 'असे सांगतात' होते. सगळ्या पानाला संशयाचा फायदा मिळाला होता. फक्त तिच्या घराण्याचा निकाल लावून टाकला होता, जसे काही सर स्वतः विळा धरून तिथे उभे होते.

तिने ॲप्रन काढून खुंटीला लावला आणि मालकाला जाऊन सांगितले की हा ताव कापला जाणार नाही. मालक आता केसांनी पांढरा झाला होता, हौस मात्र तीच. रविवारी पुस्तकाचे प्रकाशन आहे, म्हणाला. पाचशे प्रती आहेत, एका ओळीसाठी काय अडून बसता? तुम्ही नाही कापले तर दुसरे कुणी कापेल.

"कापू दे की," ताई म्हणाली. "फक्त त्याला आधी दहापर्यंत मोजता येतं का बघा."

दुसरे कुणी नव्हते. हे दोघांनाही ठाऊक होते. ताई तशीच सरांच्या घरी गेली.

सरांच्या खोलीत बुटांचे रिकामे खोके रांगेने मांडलेले होते आणि प्रत्येक खोक्यात आडनावांची कार्डे. तिने विचारले की चोरीची गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली. सर दुखावले. मी मनाचे काही लिहीत नाही, म्हणाले, आणि चष्मा वर करून त्यांनी कार्ड शोधून तिच्या पुढ्यात ठेवले. कार्डावर सगळे व्यवस्थित होते: तारीख, वार, आणि खाली 'माहिती देणार' यापुढे तिच्या धाकट्या भावाचे नाव. घरच्याच माणसाने सांगितल्यावर शंका कशाला घ्यायची, असे सरांचे म्हणणे. त्यात खोट काढायला ताईला जागा सापडली नाही. ती पायऱ्या उतरली तेव्हा तिचा राग होता तेवढाच होता, पण आता तो कुणावर काढायचा हे बदलले होते.

भाऊ मोठ्या रुग्णालयाच्या औषधभांडारात मुख्य. किल्ल्या त्याच्याकडे, दारावर पाटी त्याच्या आडनावाची. गेल्या वर्षी इंजेक्शनांचा एक खोका सापडेना, तेव्हा कुणीतरी हसत म्हणाले होते की नावातच आहे, त्याला काय करणार. दुसऱ्या दिवशी खोका फडताळामागे घरंगळलेला मिळाला. बोलणारा विसरून गेला. भाऊ विसरला नाही. त्याला रात्रंदिवस तेच वाक्य ऐकू यायला लागले, असे वहिनीने ताईला सांगितले होते.

ताई गेली तेव्हा तो भांडाराच्या मागच्या खोलीत चहा पीत होता. तिने विचारायच्या आधीच त्याने टेबलाच्या खणातून एक अर्ज काढून दाखवला. तो, बायको, दोन मुले, चौघांचे आडनाव बदलायचा अर्ज. नवे आडनाव शंभर घरांत शोभेल असे, कुणी मान वर करून पाहणार नाही असे. फक्त सही राहिली होती. पुस्तकात छापून आले की सगळ्यांना कळेलच, म्हणून त्याआधीच सुटायचे, म्हणाला.

"पण छापायला सांगितलं कुणी? तूच ना?"

"विचारलं म्हणून सांगितलं. खरं होतं ते सांगितलं. खोटं बोलायला मी काय चोर आहे?"

"खरं आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"आजोबांनी. मांडीवर बसवून सांगितलं. चोरी केली म्हणून बोट छाटलं, आणि त्यांनी असा हात आपटला टेबलावर. मी आठ दिवस मुठी मिटून झोपत होतो, ताई."

 ताईने विचारले की हे कधीचे. भावाला दिवससुद्धा आठवत होता. त्याने डब्यातली साखर चोरून खाल्ली होती, त्या दिवसाचे.

ताई हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले आणि तिने स्टूल ओढून घेतले. भावाला वाटले, ही आपल्याला हसते आहे. तो उठून जायला लागला तेव्हा तिने त्याचा हात धरून खाली बसवला.

तिला आजोबांनी वेगळेच सांगितले होते. लहानपणी ती भित्री होती, पाण्याला तर फारच. तिला सांगितले होते की आपला मूळ पुरुष नावाडी होता. पुरात नाव सुटली, सगळ्यांनी दोर सोडला, त्याने सोडला नाही. दोराने बोट नेले, पण नावेतले एकही माणूस गेले नाही. आणि चुलतभाऊ? तो दिवसभर लोळणारा. त्याला सांगितलेले तिच्या कानावर पडले होते, पण ते तिने नुसता धाक म्हणून सोडून दिले होते: मूळ पुरुष काम करता करता पेंगला आणि विळ्यावर हात पडला. ज्या पोराला जे औषध लागू पडेल ते आजोबा देत होते. तिघांनी आपापली गोष्ट खरी धरली आणि कधी एकमेकांना विचारले नाही. विचारायचे काय त्यात? घराण्याची गोष्ट सगळ्यांना एकच सांगितली असणार, असेच कुणीही समजेल.

भावाने चहाचा पेला बाजूला सारला. त्याने चाळीस वर्षे एका चमचाभर साखरेची शिक्षा भोगली होती. ताईला आजोबांचा रागही आला आणि भावाची कीवही आली.

"मग खरं काय?" त्याने विचारले.

"मला नाही माहीत. नावाड्याचं तरी कुठे खरं असेल? पण ज्याचं बोट गेलं त्याने नाव लपवलं नाही रे. लोकांनी चिडवायला ठेवलं असेल, त्याने पाटीसारखं पुढे लावलं आणि आपल्यापर्यंत पोचवलं. आपण दहा बोटं घेऊन लाजायचं का?"

 भावाने अर्ज खणात परत ठेवला, पण फाडला नाही. ते ताईने पाहिले. पण ती काकुळतीला आली नाही. शनिवारी दुपारी बांधणीच्या खोलीत ये, एवढेच सांगून निघाली. तो कधी त्या खोलीच्या आत आला नव्हता. एकोणतीस वर्षांत एकदाही नाही. डबा द्यायला आला तरी तो दारातूनच परत जायचा. का, ते तिला आज कळले.

ताई पुन्हा सरांकडे गेली तेव्हा त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि भल्या माणसासारखी चूक मान्य केली. अख्खा ताव पुन्हा छापायला वेळ नव्हता. बांधणीवाल्यांचा उपाय ताईपाशी होता: दुरुस्तीची चिठ्ठी छापायची, कापायची आणि प्रत्येक प्रतीत त्या नोंदीवर नेमकी चिकटवायची. पाचशे चिठ्ठ्या. मालकाने कपाळाला हात लावला आणि मग छपाईचे छोटे मशीन मोकळे करून दिले. अट मान्य झाली तसा ताईने अडवलेला तावही त्याच दिवशी कापून दिला.

शनिवारी भाऊ आला. उंबऱ्यावर थांबला, कटिंग मशीनकडे बघितले आणि खिशात हात घातले. सर टेबलाशी बसून मजकूर लिहीत होते. 'नऊबोटे : अतिदुर्मिळ. मूळ पुरुषाला नऊ बोटे होती, त्यावरून. बोट कसे गेले ते ठाऊक नाही; घराण्यात तीन वेगळ्या गोष्टी सांगतात.' इथे सरांची लेखणी थांबली. त्यांच्या कानावर अर्जाची बातमी आली होती. त्यांनी भावाकडे पाहिले आणि संकोचून विचारले की आता चुकीचे छापायचे नाही, तेव्हा आजची माणसे किती लिहू, अकरा की सात?

खोलीतल्या सगळ्यांचे हात थांबले. ताईने भावाकडे पाहिले नाही. ती पात्यावरची धूळ पुसत राहिली. सात म्हणाला असता तर सात छापले असते, चिकटवले असते, आणि ती नऊबोटेच राहिली असती. पण तिला अकराच हवे होते, आणि ते मागून घ्यायचे नव्हते.

"अकरा," भाऊ म्हणाला.

सरांनी अकरा लिहिले. तासाभरात चिठ्ठ्या छापून आल्या, एका कागदावर आठ-आठ. ताईने गड्डी मशीनवर घेतली, कडा ठोकल्या, दाब आवळला. भाऊ बघता बघता जवळ आला होता, मशीनच्या हाताभरात.

"दहा," ताई म्हणाली, आणि दांडा धरून थांबली.

भावाला कोणी नियम सांगितला नव्हता. पण खोलीतली सगळी माणसे त्याच्याकडे बघत होती. त्याने खिशातून हात बाहेर काढले, समोर धरले, आणि एकेक बोट नीट पाहिले, जशी आजवर अनोळखी माणसे ताईची पाहत आली होती.

"दहा," तो म्हणाला. ताईने दांडा ओढला.