चारकोपच्या गाळ्यातला हातोडा

ॲड. फिलोमिना परेरा यांच्याशी माझी ओळख विलेपार्ल्याच्या त्यांच्या ऑफिसात झाली. मी नुकतीच वकील झाले होते. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "उद्या चारकोपला यायचंय. चपला नको, बूट घाल." आज मॅडम पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत, पण त्यांच्याविषयी लिहायला बसले की तो गाळाच डोळ्यांपुढे येतो आणि अजून अंगावर काटा येतो.

मॅडमना न्यायालयाने कोर्ट कमिशनर, म्हणजे जागेवर जाऊन आदेश बजावणारी आणि दिसेल ते कळवणारी तटस्थ व्यक्ती, नेमलं होतं. चारकोपच्या आपल्या छोट्या गाळ्यात शांताराम घाग यांनी नारळ खवण्याचं यंत्र बनवलं होतं. करवंटी लागताच पातं आपोआप थांबायचं. ही युक्ती आमच्याकडून चोरली, असा एका बड्या कंपनीचा दावा. निकाल लागेपर्यंत यंत्र सीलबंद करायचं, एवढंच आमचं काम.

आदेश वाचून होताच घागांनी हातोडा उचलला. "माझा नाय, तर कोणाचाच नाय!" मी आणि सोबतचे हवालदार जागीच थिजलो. मॅडम पुढे झाल्या, त्यांनी यंत्रावर हात धरला, आणि हातोडा त्यांच्या बोटांवर बसला. तो आवाज मी विसरलेले नाही. घाग मटकन खाली बसले.

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आधी सील. डॉक्टर नंतर," त्या म्हणाल्या. मग टेबलाखाली पडलेल्या गंजक्या सांगाड्यांकडे बोट दाखवलं. "हे काय?"

"पयले परयत्न, मॅडम. फसलेले. लय वर्षांचे."

"फोटो काढ गं यांचे."

"त्याची काय गरज?" आमच्याबरोबर आलेले कंपनीचे वकील म्हणाले.

"मी तुमची नाही, यांचीही नाही. दिसलं ते कोर्टाला सांगणार."

"हातोड्याचा तेवढा सांगू नका," घाग रडवेले झाले.

"तेही सांगणार."

त्यांनी दोन्ही सांगितलं. घागांना न्यायालयाची माफी मागावी लागली. पण ते गंजके सांगाडे कंपनीच्या यंत्राच्या कितीतरी आधीचे निघाले, शाबूत राहिलेल्या यंत्राशी त्यांचा मेळ बसला, आणि दावा कोसळला. यंत्र फुटलं असतं, तर घाग आपल्याच हातांनी बुडाले असते.

निकालापर्यंत ते दोनदा माफी मागायला मॅडमच्या घरी गेले, दोन्ही वेळा मॅडमनी निकालाआधी भेट नाही, असं सांगून दारातूनच परत पाठवलं. निकालानंतर मात्र स्वतः फोन करून जेवायला बोलावलं, आग्रहाने वाढलं.

"हात का घातलात मध्ये?" मी एकदा विचारलं.

"पुरावा होता गं तो. कुणाच्या बाजूचा, ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं?"

मॅडमना दीर्घ, निरोगी आयुष्य लाभो. आणि कायद्याच्या नावाने जिथे जिथे दार ठोठावलं जाईल, तिथे त्यांच्यासारखंच कुणीतरी बाहेर उभं असो.