चष्मा काढून पडणारे काकाजी

काकाजी गेल्याची बातमी मला कोणी कळवायची गरज पडली नाही. मी त्यांच्यापासून दहा पावलांवर, त्यांच्याच छपरीत, म्हणजे ओसरीवर, बसून चहा पीत होतो, आणि ते पडले तेव्हा मी हसलो. याला आता दीड महिना होईल. ते कसे गेले हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मी हसलो, हे मात्र तेरवी होईपर्यंत मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

आसगावच्या आमच्या या काकाजींनी उभी हयात विजेच्या खांबांवर काढली. लाइनमन म्हणून निवृत्त झाले तेव्हा लोकांना वाटलं, आता शेती पाहतील, भजनाला बसतील. पण खांबावरून खाली पाहता पाहता त्यांचं एक मत पक्कं झालं होतं, की माणूस संकटानं कमी मरतो आणि भोवती जमलेल्या शहाण्यांमुळं जास्त. कोणाला शॉक लागला की एक जण नाकाशी कांदा धरतो, दुसरा बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओततो, तिसरा चुलत्याला बोलवायला पळतो, आणि मेन स्विच मात्र कोणीच बंद करत नाही. "कांदा भाजीत टाका अन् पयले स्विच पाडा," हे त्यांचं ब्रीद. म्हणून दर रविवारी चार वाजता घरच्यांचा आणि शेजाऱ्यांचा वर्ग भरायचा. पाहुण्यांनाही सुटका नव्हती. पुतणीला पाहायला आलेल्या सोयऱ्यांना त्यांनी सिलिंडरनं पेट घेतला तर ओलं पोतं कसं टाकायचं, ते अंगणात करून दाखवलं. सोयरीक जमली, कारण मुलाच्या आईला मुलीपेक्षा तो कार्यक्रमच जास्त आवडला.

भाताच्या रोवणीच्या दिवसांत हा वर्ग थेट शेतात, बांधीवर जायचा. विषय साप. शेवंताबाई रोवणाऱ्या बायांची पुढारी, तेव्हा सरावातला चावा तिलाच बसणार होता. तिनं आधी खुलासा मागितला, "भाऊजी, साप कोनता? नाग असन तं पडन, पान्यातली दिवड असन तं काहून पडू?" शेवटी नागावर तडजोड झाली. बांधायचं नाही, कापायचं नाही, पाय हलू द्यायचा नाही, झाडफुकीच्या बाबाकडं न्यायचं नाही, सरळ सरकारी दवाखाना... बायांनी सगळं बिनचूक केलं. खाटेवर घालून तिला रस्त्यापर्यंत आणलं, आणि तेवढ्यात समोरून तिची सासू आली. सून खाटेवर पाहून म्हातारीनं जो गळा काढला! आता म्हातारं माणूस रडत असताना गप्प कसं राहायचं? बरोबरच्या बायाही खाट खाली ठेवून, तिला धरून रडायला बसल्या. सराव आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण रीत ती रीत. अखेर शेवंताबाई स्वतःच खाटेवरून उठली आणि सासूचे डोळे पुसू लागली. "पेशंटच समजावून राहिली!" म्हणून काकाजींनी कपाळावर हात मारला.

छाती दाबायचा सराव घरी, तांदळाच्या अर्ध्या पोत्यावर. काकी त्यात सगळ्यांत तयार, फक्त मोजताना गडबड करायच्या. धान मापताना आपल्याकडं पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. पोत्यावर हात पडला की काकींच्या तोंडून आपोआप "लाभ, दोन, तीन..." सुरू. "अवो, मानूस वाचवून राहिली का धान मापून राहिली?" काकाजी ओरडायचे. काकी म्हणायच्या, "मानूस वाचला तं लाभच नाही का?" मी शाळामास्तर असल्यानं पेपर तपासायचे आहेत म्हणून बाजूला बसायचो आणि विनोद करायचो. मला त्यांनी कधी पोत्याजवळ बोलावलंही नाही. मला ते सोयीचंच होतं.

पुढं पुढं ते न सांगता पडायला लागले. कधी अंगणात, कधी गोठ्याजवळ. पण माणूस व्यवस्थित. पडण्यापूर्वी चष्मा काढायचे, घडी करून खिशात ठेवायचे, जागा झाडलेली आहे का पाहायचे, मग पडायचे.

त्या रविवारी चहा होत होता. काकाजी बादली घेऊन अंगणात गेले, भिंतीला हात लावला आणि खाली सरकले. मी म्हणालो, "काकाजी, अजून चार नाही वाजले!" आणि हसलो. कपातला आणखी एक घोट घेतला. काकी दारात आल्या, काकाजींकडं एकदा पाहिलं आणि किंचाळल्या, "मंगेश! चष्मा नाही काढला त्यायनं!"

मग सगळं त्यांनी शिकवलं होतं तसंच झालं. त्यांच्या मुलानं, मंगेशनं, फाटक उघडून गाडी वळवून लावली. सुनेनं, सुनीतानं, रुग्णवाहिकेला फोन करून रस्ता नीट सांगितला. काकी गुडघ्यांवर बसून दाबत होत्या, "लाभ, दोन, तीन..." आणि त्यांना दुरुस्त करणारं कोणी नव्हतं. मला कोणीतरी खांदे धरून बाजेवर बसवलं, हातात पाण्याचा पेला दिला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "तुमच्याकडून काहीच चुकलं नाही. त्यांचं हृदयच साथ देत नव्हतं." त्या 'तुमच्या'त मीही धरला गेलो. पण मी तो एक घोट घेत बसलो होतो. तेवढ्या वेळात ते वाचले असते का?

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी काकींना सगळं सांगून टाकलं. त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि डब्यांच्या कपाटाचं दार उघडलं. दाराला आतून एक कागद चिकटवलेला. काकाजींचं अक्षर. 'मंगेश – गाडी. सुनीता – फोन. मंगेशची आई – छाती दाबणे.' सगळ्यांत खाली माझं नाव, आणि त्यापुढं काम नव्हतंच. लिहिलं होतं, 'बाळू – हा घाबरते. घाबरला का हासते. कोनी रागावू नका. बसवा, पानी द्या.'

मला सराव वाटला म्हणून मी हसलो, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. भिंतीला लागलेला त्यांचा हात मी पाहिला होता. हे पडणं खरं आहे, हे मला कळलं होतं... मी तिथंच बसून मोठ्यानं रडलो. काकींनी पाणी आणून दिलं.

"हे खोडू का?" मी विचारलं.

"शिक पयले, मंग खोडजो," काकी म्हणाल्या, आणि त्यांनी पोतं ओढलं.

आता दर रविवारी मी चारला जातो. काकी म्हणतात, मी फार हळू दाबतो. कागद अजून तसाच आहे.