केळीचा काटा

असोद्याच्या आमच्या मळ्यात भरिताच्या दिवशी दरवर्षी एक चाळा चालतो. जेवणाआधी एकेकानं केळीचे घड तोलायच्या काट्यावर उभं राहायचं. माझ्या थोरल्या जाऊबाई, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, काट्यावर चढल्या की दीर ओरडायचे, "काटा तुटीन रे!" सगळे खो खो हसायचे. मग माझी पाळी. लग्न होऊन धुळ्याहून आले तेव्हा होते, तेवढीच बारीक मी आजही आहे. सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, "खाय वं, तुले काय होते!" आणि माझ्या ताटात आणखी पुऱ्या पडायच्या. अक्कांना आग्रह कुणीच करायचं नाही. त्या आपल्या वांगी भाजायच्या, लाकडी बडगीत भरीत ठेचायच्या. मला हे सगळं फार आवडायचं.

आम्ही केळीवाली माणसं. काटा सांगेल ते खरं. म्हणून यंदा तपासणीला जळगावला धाडलं ते अक्कांना, आणि मला नुसती सोबत म्हणून. तिथल्या नर्सबाईंनी फारच भरीला घातलं, तेव्हा मीही रक्त दिलं.

रिपोर्ट आले. अक्कांची साखर नीट, बीपी नीट, रक्तातली चरबीही नीट. माझं तिन्ही बिघडलेलं.

"कागद अदलाबदल तर झाले नाहीत ना?" मी डॉक्टरांना विचारलं. खरं सांगते, तसं झालेलं असावं म्हणून मी देवाला हात जोडत होते, आणि अक्का माझ्या शेजारीच बसल्या होत्या.

"नाही झाले," डॉक्टर म्हणाले. "बारीक माणसाला काही होत नाही, हा गैरसमज आहे. हे असंच राहिलं तर हृदयावर येईल. आज जिवाला धोका तुम्हाला जास्त आहे." मग ते अक्कांकडे वळले. "वजन तुम्हीही उतरवा. आज सगळं ठीक आहे, पुढं राहीलच असं नाही."

त्यांचं हे शेवटचं वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. तेवढाच काय तो आधार. बसमध्ये अक्का खिडकीशी बसून शेंगदाणे खात होत्या आणि माझा नुसता तिळपापड होत होता. जन्मभर हसं झालं त्यांचं, आणि मरायची पाळी माझी? माझ्या तेराव्याच्या पुऱ्याही याच लाटणार!

मग भरिताचा दिवस आला. काट्याकडे कुणी फिरकलं नाही. पंगतीत सासूबाई सवयीनं पुऱ्या घेऊन माझ्यापाशी आल्या, तर अक्कांनी त्यांचा हात धरला आणि माझ्या ताटात ज्वारीची भाकरी ठेवली. सगळे बघत होते. मला रडू आलं, रागानं आणि भीतीनंही. अक्का माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांच्या ताटातही भाकरीच होती.

"तुम्ही खा ना पुऱ्या," मी फणकारले. "तुमचं तर सगळं चांगलं आहे."

"नको," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं तुह्या ताटाकडे पाहत जेवली मी. कसं वाटते, मले माहीत आहे."

आणि त्यांनी भरिताचं भांडं माझ्याकडे सरकवलं. मी भरीत आधी त्यांच्या ताटात वाढलं, मग माझ्या, आणि भाकरीचा तुकडा मोडला.