अण्णांचा ठिय्या

माझ्या वडिलांनी तालुक्याची कचेरी वीस मिनिटं बंद पाडली. तीही एकही मागणी नसताना.

अण्णांना कंपवात आहे. जन्मभर शेळ्यांमागं डोंगर पालथे घातलेला माणूस, पण दोन वर्षांपासून दार समोर आलं की थबकतो. पाय जमिनीला चिकटतात आणि धड मात्र पुढं जातं. असेच एकदा न्हाणीच्या दारात तोंडावर पडले. कपाळाला टाके पडले, आणि त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं.

शेवटी मी त्यांना बीडला फिजिओथेरपीच्या मॅडमकडं नेलं. मॅडमनी फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या, टाळ्यांचा ताल धरला, आणि अण्णा पट्ट्या ओलांडत चालायला लागले.

"सर, पाय अडकले की यांना ओढायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "थांबायचं. अंगाचा भार डाव्या-उजव्या पायावर झुलवायचा आणि खणखणीत आवाजात एक-दोन म्हणायचं. ताल कानात गेला की पाय सुटतात."

"कळलं," मी म्हणालो. (मी शाळेत गणित शिकवतो. मला कुणी एक-दोन शिकवावं, हे जरा लागलंच.)

पुढच्या सोमवारी हयातीच्या दाखल्यासाठी अण्णांना कचेरीत न्यावं लागलं. आवारातून झकास चालले आणि नेमके दारात थांबले. दार अरुंद. मागं ही मोठी रांग.

मी सगळ्यात आधी काय केलं? ओढलं!

"कावून वढतुस रं? पडंन ना मी," अण्णा म्हणाले.

मग मला एक-दोन आठवलं. पण रांगेत माझ्या वर्गातल्या पोरांचे बाप उभे होते. त्यांच्यादेखत कवायतीच्या मास्तरासारखं कसं ओरडायचं? मी अण्णांच्या कानाशी कुजबुजलो, "एक... दोन..."

"काय दोन?"

"नुसतं दोन, अण्णा."

मागून कुणीतरी विचारलं, "काय झालंय म्होरं?"

"म्हातारबा दारातून हटंना."

"मंग ठिय्या दिला आसंल."

ही बातमी रांगेच्या शेपटापर्यंत जाईतो आमची चार एकर जमीन कुणीतरी हडपलेली होती. (आमची आहेच दीड एकर.) तेवढ्यात पांढऱ्या कपड्यांतले एक पुढारी गर्दीतून वाट काढत आले आणि त्यांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, आता तुमी एकटे न्हाईत."

आतून कारकून पाण्याचा पेला घेऊन धावत आला. "मागण्या काय हायत? लेखी द्या."

"आम्हाला फक्त आत यायचंय," मी म्हणालो.

पुढारी गर्दीकडं वळले. "ऐकलं? म्हाताऱ्याला आत येऊ देत न्हाईत."

झालं. घोषणा सुरू झाल्या. "न्याय द्या, न्याय द्या, अण्णांना न्याय द्या!" मागून रेटा वाढला. अण्णा थरथरत होते. मी दोन्ही हातांनी त्यांची कंबर धरली. आता हे पुन्हा तोंडावर पडणार, या भीतीनं मी पकड आणखी घट्ट केली.

आणि हाताखाली काहीतरी हललं. अण्णांचा भार डाव्या पायावर गेला. मग उजव्या. पुन्हा डाव्या. "न्याय" म्हटल्यावर टाच सुटली आणि "द्या" म्हटल्यावर पाऊल पडलं. घोषणांच्या तालावर अण्णा दार ओलांडून थेट कारकुनाच्या टेबलापर्यंत गेले.

"मी जित्ता हाय," ते म्हणाले. "अंगठा कुटं द्यायचा?"

मी बाकावर बसलो आणि डोळे पुसले. अण्णांसाठी आणलेलं पाणी कारकुनानं मला पाजलं.

"एवढ्यात मिटलं?" पुढारी हिरमुसून म्हणाले.

मॅडमना सांगितलं, तर त्या पोट धरून हसल्या. "ताल जमलाय, सर. चालू ठेवा. फक्त आवाज चोरू नका."

आता रोज सकाळी अण्णा गल्लीतून चालतात आणि मी बाजूनं न्याय मागत असतो. चार महिन्यांत ते एकदाही पडले नाहीत. गावानं मात्र मी सरपंचाच्या निवडणुकीला उभा राहणार असं ठरवून टाकलंय.

परवा मीही सहज विचारलं, "अण्णा, खरंच उभा राहिलो तर?"

"मत दुसऱ्याला दीन," अण्णा चालता चालता म्हणाले. "तू आपला वरडत ऱ्हा."