हात जोडलेला फोटो

बाबांनी सांगूनच टाकलं होतं, "यंदा कलमं नाही गेली तर नर्सरी बंद." सौसरजवळ आमची संत्र्याच्या कलमांची नर्सरी. जंबेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि बंद म्हणे! माझा पाराच चढला. त्याच दिवशी मी मोबाइलवर नर्सरीचं पेज उघडलं.

त्यावर काय टाकलं? आमच्याकडे सारे टाकतात तेच! पांढराशुभ्र कुर्ता, हात जोडलेले बाबा, खाली 'समस्त क्षेत्रवासीयांना हार्दिक शुभेच्छा'. पाडवा आला, टाक फोटो. हनुमान जयंतीला तर जामसांवलीला जाणाऱ्या साऱ्या भक्तांना शुभेच्छा! लाइक्सचा नुसता पाऊस. बाबा चष्मा लावून एकेक नाव वाचायचे. गिऱ्हाईक मात्र एक नाही.

मग एका सकाळी रामाकोन्याकडची चार माणसं आली. मी पळतच खुर्च्या मांडल्या, चहा टाकला. त्यांनी बाबांच्या हाती कागद दिला. गावचा हँडपंप बिघडल्याचा अर्ज!

"भाऊ, एवढं करून द्या. आमची सारी मतं तुम्हालाच."

"अरे बाप्पा, मी कलमं विकून राहिलो!"

"मग फोटोत कलम काहून नाही?"

मी तोंडात पदर कोंबून आत पळाले. हसून हसून पोट दुखलं, आणि मग एकदम लाज वाटली. चूक तर माझीच होती ना!

दुसऱ्या दिवशी बोरगावचा एक शेतकरी दोनशे कलमं मागायला आला. बाबा मळक्या बनियनवर, हात कोपरापर्यंत मातीत. "वावरात पाणी साचते काय?" "साचते." "मग नाही देत. मुळं सडतील. आधी पाण्याला वाट काढ, मग ये." मी गुपचूप शूटिंग केलं आणि टाकलं पेजवर.

बाबा भडकलेच. "काय वं पोरी, गिऱ्हाईक वापस पाठवलं, थे साऱ्या दुनियेला दाखवून राहिली?"

तिसऱ्या दिवशी फाटकाशी ही गर्दी! पांढुर्ण्याहून, कुठून कुठून. "नाही म्हणणारे भाऊ कुठं आहेत?" आणि प्रत्येकाच्या हातात पिशवी, पिशवीत आपापल्या वावराची माती, भाऊंना दाखवायला. बाबा चिमटीत माती घेऊन कुणाला हो म्हणत, कुणाला हाकलत. हाकललेलेसुद्धा हसत जात. बोरगाववालाही आला, नाली खोदल्याचा व्हिडिओ घेऊन. मी तर नाचायचीच बाकी होते.

पंधरा दिवसांत वाफे रिकामे. बाबांनी एक कलम लपवून ठेवलं होतं, फोटोसाठी. कुर्ता घालून, ते कलम धरून उभे राहिले आणि अडले. "आता हात कसे जोडू वं?"

तेवढ्यात एक म्हातारी आली, परसात लावायला एकच कलम पाहिजे म्हणाली. बाबांनी हातातलं देऊन टाकलं.

मग रिकाम्या वाफ्यातच फोटो काढला, दोन्ही हात मोकळे, तोंडभर हसू. "खाली काय लिहू?" मी विचारलं.

"लिही," बाबा म्हणाले, "कलमं संपली. पुढच्या साली या."