समुद्र दिसणारी खोली

बाबा आमच्याकडे परदेशात, स्वोर्ड्स गावी आले ते सहा आठवड्यांसाठी, आणि लॉकडाऊनमुळे अडकले सहा महिने. अमरावतीचा माणूस. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, पण समुद्र पाहिला तो एकदाच, मुंबईला, बसच्या खिडकीतून. फळ्यावर अटलांटिक मात्र हजारदा काढला असेल. परतीचं विमान एकदाचं ठरलं, तेव्हा सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी मागितलं. "जायच्या आधी तो अटलांटिक दाखव मले. तू अन् मी काठावर उभं राहू, बस."

हॉटेलं नुकतीच उघडली होती. अटलांटिकला लागून असलेल्या मेयोच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलचे फोटो बघून मी भाळले आणि समुद्र दिसणारी खोली दोन रात्रींसाठी घेऊन टाकली. नवरा, मी, सहा वर्षांची लेक आणि बाबा, असे चौघं निघालो.

रिसेप्शनवर वीस मिनिटं कुणी फिरकलंच नाही. मग एक मुलगी आली आणि तिनं दुसऱ्या मजल्याची किल्ली दिली. लिफ्ट बंद. बाबा दुखरे गुडघे धरत, प्रत्येक वळणावर थांबत वर आले. खिडकी उघडली तर खाली स्वयंपाकघराचं मागचं अंगण आणि कचऱ्याचे डबे. चादरीवर डाग. जग दिवसातून दहादा हात धूत होतं आणि इथे बाथटबमध्ये कुणाचे तरी लांब केस! किटलीसुद्धा नाही, कोविडमुळे काढून ठेवलेली. मी तीनदा खाली गेले. तिन्ही वेळा त्या मुलीनं गोड हसून सांगितलं, "यू आर ग्रँड, आय विल सॉर्ट इट." म्हणजे, काळजी नको, बघते मी. सकाळी दाराबाहेर कागदी पिशव्या ठेवलेल्या, त्यांत हॅमची सँडविचेस. आम्ही शाकाहारी आहोत हे दोनदा लिहून दिलं होतं. बाबांनी पिशवीतलं सफरचंद खाल्लं आणि गोड आहे म्हणाले.

माझा राग माहेरी प्रसिद्ध आहे, नाकाच्या शेंड्यावरच असतो. मी डागांचे, केसांचे, डब्यांचे फोटो काढत सुटले. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. बाबा कानटोपी, मफलर घालून दाराशी तयार उभे होते.

"चाल वं पोरी."

"तुम्ही व्हा पुढे बाबा. मॅनेजर दहा मिनिटांत येतोय. आज सोडत नाही मी त्याला."

"कायले जीव जाळतं? जाऊ दे नं."

"अहो, तुमच्यासाठीच भांडतेय ना मी!" मी खेकसलेच. मग नवरा त्यांना आणि लेकीला घेऊन किनाऱ्यावर गेला.

मॅनेजर तासाभरानं आला. मी त्याला असा काही धारेवर धरला, की समुद्राकडची खोली मिळवूनच दम घेतला. सामान हलवलं, चादरी तपासल्या, बाबांचा पलंग खिडकीशी ओढून घेतला. तोवर आभाळ भरून आलं आणि तिघं भिजून परतले. मी मोठ्या तोऱ्यात पडदा सरकवला. बाहेर नुसतं धुकं. समुद्राचा मागमूस नाही. बाबा म्हणाले, "छान आहे खोली." दुसऱ्या दिवशी निघेपर्यंत पाऊस थांबला नाही, आणि बुधवारी त्यांचं विमान होतं.

ते गेल्यावर मी हॉटेलला सगळे फोटो जोडून लांबलचक ईमेल लिहिली. 'माझ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या वडिलांना अतोनात मनस्ताप झाला.' धादांत खोटं. मनस्ताप माझा होता. बाबांना काहीच झालं नव्हतं, फक्त मी हवी होते.

पुढच्या एप्रिलमध्ये ते गेले. दुसरी लाट होती, अमरावतीत बेड मिळेपर्यंत दोन दिवस गेले. मला जाता आलं नाही. इथे स्वयंपाकघरात उभी राहून मी फोनच्या पडद्यावर माझ्या बापाला शेवटचं पाहिलं, चेहरासुद्धा झाकलेला. रडूही धड येईना. त्या सहलीचे माझ्याकडचे फोटो उघडले, तर एकातही बाबा नव्हते.

काही दिवसांनी लेक चित्र काढत बसली होती. न राहवून मी तिला विचारलं, "त्या दिवशी आजोबा समुद्र बघून काय म्हणाले गं?"

तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच येतं.

"ही डिडन्ट रिअली लुक ॲट द सी, मॉम," ती म्हणाली. "ही केप्ट लुकिंग बॅक. टु सी इफ यू वर कमिंग."